फिल्म आधी की कॉमिक? घर ३० नोव्हेंबरला रिकामं होतंय

माळ्यावरची
१३ सप्टेंबर, रात्री ११:४०

मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय. पहिलाच धागा आहे, तेव्हा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

राहते ठाण्यात कोपरीला, नोकरी ऐरोलीत. दिवसभर एका ॲपची बटणं काढते आणि मग तीच बटणं दोन पिक्सेल डावीकडे सरकवते. तक्रार नाही, कारण बाकीचे दोन उद्योग याच पगारावर चालतात.

पहिला उद्योग शॉर्ट फिल्मचा. नाव 'माळा', लांबी १४ मिनिटं. नौपाड्यात विष्णूनगरला माझ्या आत्याचं घर आहे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई गेल्यावर भाऊ आणि बहीण माळा रिकामा करायला येतात आणि काय ठेवायचं, काय मोडीत घालायचं यावरून त्यांचं बिनसतं. मुख्य भांडण एका तांब्याच्या बंबावरून. बस, एवढीच गोष्ट. लिहिली ती आत्याच्या माळ्यासाठीच. स्वयंपाकघराच्या दारावर आडवा, जेमतेम अडीच फूट उंच, पुढे फुलाफुलांचा पडदा, आत बंब. सेट लावून हे मिळणार नाही, आणि सेट लावायला माझ्याकडे पैसेही नाहीत. इमारत पुनर्विकासाला गेलीय. ३० नोव्हेंबरला आत्या किल्ली बिल्डरच्या माणसाच्या हातात देणार आणि कासारवडवलीला भाड्याच्या घरात जाणार.

दुसरा उद्योग कॉमिकचा. 'आसरा', ४८ पानं, काळं-पांढरं आणि वर एकच निळा. साती आसरा, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी-देवता, ज्यांना माहीत आहेत त्यांना नावातली गंमत कळेल. तळं बुजवून टॉवर उभा राहतो, सहा बहिणी कुठे कुठे पांगतात आणि धाकटी एजंटबरोबर ठाणेभर जागा बघत फिरते. मासुंदा तलावाला महादेव कोपिनेश्वर आधीपासून मुक्कामाला, तिथे भाडेकरू ठेवत नाहीत. कचराळीला समोरच महापालिका, म्हणजे आधी अर्ज. जेल तलावाचं नाव ऐकून ती रिक्षातून उतरतच नाही. घोडबंदरला एजंट तिला तेविसाव्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवतो, "लेक व्ह्यू आहे मॅडम", आणि ती नळ सोडून बघते तर टँकर अजून यायचाय. डिसेंबरात कॉमिकवाल्यांचा मेळा आहे, तिथे मैत्रिणीबरोबर अर्धं टेबल घेतलंय. पैसे भरून झालेत. प्रिंटरला फाईल २५ नोव्हेंबरपर्यंत हवी.

म्हणजे दोन्ही लग्नं एकाच मुहूर्तावर. कॉमिकची ९ पानं शाई होऊन तयार आहेत. फिल्मची पटकथा तयार, नट ठरलेत (दोघंही नाटकवाले), कॅमेरावाला मित्रच आहे. तारखा मात्र अजून नाहीत.

वेळ कमी आहे हे काही नवीन नाही, कुणाकडे असतो? माझा त्रास असा की दोन्ही कामं एकमेकांत झिरपतात. जुलैत तीन आठवडे बसून फिल्मचा स्टोरीबोर्ड काढला. मग कॉमिककडे वळले, तर नंतरची पान ८ आणि ९ मला बघवेनात. सगळ्या चौकटी आडव्या, एकाच मापाच्या, कॅमेरा कायम डोळ्यांच्या उंचीवर. स्टोरीबोर्डच्या कागदावर फुगे चिकटवल्यासारखं दिसतंय. उलटही होतं. पटकथेत मी लिहून ठेवलंय, "बहिणीच्या चेहऱ्यावरून वीस वर्षं सरकतात." कॉमिकमध्ये हे मी सहा चौकटींत काढलं असतं. कॅमेरावाला म्हणाला, बाई, हे मी कुठल्या लेन्सने घेऊ?

दुसरं म्हणजे फिल्म अडून राहत नाही, कारण नऊ माणसं फोन करून डोकं खातात. कॉमिकसाठी मला कधी कुणाचा फोन आलेला नाही. त्यामुळे ते मागे पडतं, आणि मागे पडलेलं कुणाला कळतही नाही. कच्ची रेखाटनं मी ट्रेनमध्ये उरकते. ठाणे ते ऐरोली असा कितीसा प्रवास, पण उभ्याने एक पान बसतं छोट्या वहीत. परवा शेजारच्या बाईंनी बराच वेळ निरखून विचारलं, "ब्लाउजचं डिझाइन का?" आसरेचा पदर होता तो.

तिसरं, पैसे. ओळखीतले एक गृहस्थ फिल्मला एक लाख द्यायला तयार आहेत. त्यांनी दोन पानी पत्र पाठवलंय, त्यात "सदर चित्रपट तसेच लेखिकेचे संबंधित सर्व साहित्य" असं एक वाक्य आहे. मी विचारलं तर म्हणाले, अगं फॉरमॅलिटी आहे.

तर, फिल्म आधी उरकू का? कॉमिकचं टेबल सोडून देऊ का? की कुणी दोन्ही एकदम करून जिवंत राहिलंय?

---

टिंब
१४ सप्टेंबर, सकाळी ७:५२

एकच करा. दोन दगडांवर पाय ठेवू नये.

---

नेरूळचा निब
१४ सप्टेंबर, दुपारी १:१५

टिंबराव, दोन दगडांवर पाय ठेवल्याशिवाय ओढा ओलांडता येत नाही. असो.

मी बारा वर्षं कॉमिक काढतोय, त्यातली नऊ नोकरी सांभाळून. आधी हिशेब करू. तुम्हाला एका पानाला किती तास लागतात? पेन्सिल, शाई, निळा, अक्षरं सगळं धरून. हात बरा असलेल्या माणसाला दहा तास धरायला हरकत नाही. ३९ पानं उरलीत, म्हणजे ३९० तास. २५ नोव्हेंबरपर्यंत ७३ दिवस आहेत. रोज सव्वापाच तासांहून जास्त, शनिवार-रविवार-दिवाळी धरून, शूटिंगच्या दिवशीसुद्धा. ऐरोलीची नोकरी करून हे होणार नाही. झालं तर मनगट जाईल. माझं २०१९ला गेलं होतं. चहाचा कप डाव्या हाताने धरायचो.

आता दुसरा हिशेब. छापखान्यात सोळा पानांचा एक फॉर्म असतो. ४८ म्हणजे तीन फॉर्म. तुम्ही डिसेंबरला एकच फॉर्म न्या. 'आसरा', भाग पहिला, १६ पानं आणि कव्हर, मध्ये दोन पिना. ९ झालीत, ७ उरली. सत्तर तास, रोज तासभरसुद्धा नाही. १०० प्रती डिजिटलवर छापा. ऑफसेटचा खर्च पाचशेच्या खाली अंगावर येतो. आतला कागद ९० जीएसएमचा मॅपलिथो घ्या. आर्ट पेपरच्या चकाकीवर तुमचा निळा प्लास्टिकसारखा दिसेल. काळ्या रेषेची फाईल ६०० डीपीआय, कडेला ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), आणि निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, बघून घ्या. स्क्रीनवर जो निळा दिसतो तो कागदावर येत नाही, पहिल्यांदा छापणाऱ्या प्रत्येकाला हा धक्का बसतो.

आता पान ८ आणि ९. स्टोरीबोर्ड काढणं आजपासून बंद. कॅमेरावाल्याला शॉटची यादी द्या आणि घरात जाऊन फोनवर फोटो काढा, जागेवर उभं राहून. त्याला तेवढं पुरतं. तुमचा चित्राचा हात फक्त कॉमिकसाठी राखून ठेवा. सिनेमाची चौकट एकाच मापाची असते आणि वेळ पुढे सरकत राहतो. कॉमिकमध्ये वेळ चौकटीच्या मापात असतो. उंच बारीक चौकट वाचक पटकन ओलांडतो, पानभर चौकटीपाशी थांबतो. आणि तुमच्याकडे पान उलटण्याची क्रिया आहे, ती सिनेमावाल्याला कुठून मिळणार? विषम पान उजवीकडे येतं. त्याच्या शेवटच्या चौकटीत प्रश्न टाका, उत्तर पान उलटल्यावर. एजंट दार उघडतो, पान उलटा, तेविसावा मजला.

अजून एक. फुगे आधी ठेवा, चित्र नंतर. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे ओळ उंच होते आणि तुम्ही ठेवलेली जागा पुरत नाही. मग फुगा आसरेच्या डोक्यावर चढतो. फॉन्ट एक टाइपचे बलू किंवा मुक्त घ्या, दोन्ही फुकट आहेत. जुन्या फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय निवडा. मला हे सापडायला दोन वर्षं लागली, तोवर मी प्रत्येक 'त्र' हाताने काढला.

---

क्लॅपवाला
१४ सप्टेंबर, रात्री १०:०३

ताई, मी कळव्याचा, असिस्टंट डायरेक्टर. निबसाहेबांनी कॉमिकचं बघितलं, मी माझ्या बाजूचं सांगतो.

सगळ्यात आधी आजच्या आज आत्यांना फोन करा आणि सांगा, माळ्याला हात लावू नका. घर रिकामं करणारा माणूस माळ्यापासून सुरुवात करतो. तुमचा सगळा सेट आणि सगळी प्रॉपर्टी, म्हणजे सीनमध्ये लागणारं सामान, तिथे पडलीय.

नाटकवाले नट म्हणजे शनिवार-रविवार विसरा. गडकरी, घाणेकर नाट्यगृहात, नाहीतर पुण्याला प्रयोग असणार. सोमवार ते गुरुवार धरा. सुट्ट्या किती उरल्यात? चार टाका. १४ मिनिटं, एकच घर, दोन माणसं, चार दिवस व्यवस्थित होतात. आणि गोष्टीच्या क्रमानेच शूट करा. एरवी आम्ही तसं करत नाही, पण इथे माळा रिकामा होत जाणार. एकदा काढलेलं सामान पुन्हा जसंच्या तसं भरायला गेलात तर कंटिन्युइटीवाला नोकरी सोडेल.

लाइट. जुन्या घरात १५ अँपिअरचा पॉइंट एखादाच असतो, बहुतेक गिझरचा. त्यावर साडेतीन हजार वॅटच्या आत राहायचं. बाकीचे ५ अँपिअरचे, त्यांवर हजारच्या वर जाऊ नका. एलईडी लाइट घ्या, तीनशे वॅटचे दोन पुरतात. इमारतीतली किती कुटुंबं गेली? लोक जायला लागले की मीटर निघतात, पाणी बंद होतं. आत्यांचं मीटर शूटिंगपर्यंत राहील ना, हे सोसायटीकडून लिहून घ्या. वरचा किंवा शेजारचा फ्लॅट रिकामा असेल तर तो मेकअपला मागून घ्या.

आवाज. नौपाड्यात बाजूला कुठेतरी पायलिंग, म्हणजे नव्या इमारतीच्या पायाचं काम, चालू असणारच. ते सकाळी सुरू होतं, संध्याकाळी थांबतं, मध्ये जेवायची सुट्टी. त्या माणसांची जेवायची वेळ विचारून ठेवा, तुमचा सगळ्यात हळू बोलायचा सीन त्या वेळेत. आणि रोज निघताना दोन मिनिटं रिकाम्या घराचा आवाज रेकॉर्ड करा. घर पडल्यावर तो कुठून आणणार?

स्टेशनवर बहीण उतरते असला सीन असेल तर काढून टाका. रेल्वेची परवानगी, फी, डिपॉझिट, तुमचा सगळा एक लाख तिथेच जाईल. बहीण थेट जिन्यात दाखवा, तीन मजले चढून धापा टाकत.

फूटेजच्या दोन हार्ड डिस्क, वेगवेगळ्या घरी. आणि फिल्म झाली की आनंदाच्या भरात यूट्यूबवर टाकू नका. ऑनलाइन आलेली फिल्म कित्येक महोत्सव घेत नाहीत. मुंबईचा मिफ हा माहितीपट-लघुपटांचा महोत्सव दोन वर्षांतून एकदा असतो, त्याची तारीख आधी बघा.

---

वकीलीण
१५ सप्टेंबर, सकाळी ११:२०

त्या पत्रावर सही करू नका. "फॉरमॅलिटी आहे" हे वाक्य ऐकलं की मी चष्मा लावते.

कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यात चित्रपटाचा 'लेखक' म्हणजे निर्माता. पैसे घालणारे गृहस्थ स्वतःला निर्माता म्हणवून घेणार असतील तर फिल्मचा हक्क त्यांच्याकडे जाऊ शकतो, तो तुमच्यातला सौदा. पण फिल्मवर हक्क मिळाला म्हणून तिच्याखालच्या वेगळ्या कृतींवर आपोआप हक्क मिळत नाही, कलम १३(४) बघा. 'आसरा' तर फिल्मशी संबंधितही नाही, पण "संबंधित सर्व साहित्य" म्हटल्यावर वाद घालायला जागा होते. उद्या कुणी म्हणेल, दोन्हीत घर जातं, म्हणजे संबंधित.

हक्क द्यायचेच असतील तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी. कुठली कृती, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात, मोबदला किती. काळ लिहिला नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत येतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणून "वेगळं" काय लिहिलंय ते वाचा. पत्रात एकच ओळ घाला: हा करार 'माळा' या लघुपटापुरता आहे, 'आसरा' हे कॉमिक व त्यातील पात्रे यात समाविष्ट नाहीत. ते तयार झाले नाहीत तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेवा, ऑनलाइन होतं.

---

जुना ठाणेकर
१५ सप्टेंबर, दुपारी ४:४४

मुली, तुझा धागा वाचून बरं वाटलं. आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्सचा नवा वेताळ हातात पडला की जेवणाची शुद्ध नसायची. १९९० साली ते बंद झालं, तोवर मी दोन मुलांचा बाप झालो होतो, तरी घेत होतो.

सांगायचं हे की छापील चित्रं आणि हलती चित्रं हे गणित आपल्याकडे जुनंच आहे. दादासाहेब फाळके आधी छपाईतले. ब्लॉक करायचे, रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केलं, स्वतःचा छापखाना काढला, १९०९ साली यंत्रं बघायला जर्मनीला जाऊन आले. पुढे भागीदाराशी बिनसलं, छपाई सोडली, आणि मग १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'. भांडवल मिळवायला आधी वाटाण्याचं रोप वाढतानाची छोटी फिल्म करून दाखवली होती. एक सोडलं तेव्हा दुसरं उभं राहिलं, असा माझा निष्कर्ष. राग मानू नये.

---

माळ्यावरची
१५ सप्टेंबर, रात्री ११:५८

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री झोप आली नाही, आज हिशेब मांडून बसलेय.

काका, राग कसला? पण फाळक्यांच्या घरात सरस्वतीबाई होत्या. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, अख्ख्या युनिटचा स्वयंपाक, वर दागिने गहाण. माझ्या घरी आई आहे आणि ती म्हणते, आधी लाइटबिल भर.

निबसाहेब, १६ पानं. वाचल्यावर पहिल्यांदा पोटात खड्डा पडला, कारण मी सगळ्यांना ४८ सांगून बसलेय. मग कच्च्या वहीत मोजलं तर पान १६वर बरोबर जेल तलाव येतो, रिक्षातून न उतरण्याचा सीन. भाग तिथेच संपवला तर वाचक शिव्या देईल, म्हणजे चांगलंच. पान ८ आणि ९ नव्याने काढतेय, म्हणजे सातची नऊ झाली. अक्षरांचं तुम्ही सांगितलंत तेच चुकत होतं माझं, एजंट बोलायला लागला की आसरेचं कपाळ गायब.

वकीलीणबाई, तुमची ओळ जशीच्या तशी पाठवली. अजून उत्तर नाही.

क्लॅपवाले दादा, तुमचा प्रतिसाद वाचला तेव्हा मी ट्रेनमध्ये होते. उतरल्या उतरल्या आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, अगं बरं झालं फोन केलास, माळा निम्मा आवरला. बंब मोडीत घातला. दोन दिवसांपूर्वी. किलोवर.

---

क्लॅपवाला
१६ सप्टेंबर, सकाळी ८:१०

😶 दुकान कुठलं? वितळवायच्या आत जा.

---

नेरूळचा निब
१६ सप्टेंबर, सकाळी ९:३०

बंबाचं बघा तुम्ही. मी एकच सांगायला आलो. कॉमिकची वाट बघणारं कुणी नाही असं लिहिलंत ना, तर एक माणूस नेमा. दर रविवारी रात्री त्याला एक पान गेलंच पाहिजे. चित्रकार नको, तो रेषेचं कौतुक करत बसेल. गोष्टीसाठी हट्ट करणारं कुणीतरी हवं. मी माझ्या सासऱ्यांना नेमलं होतं. त्यांना कॉमिक आवडत नाही, पण राहिलेलं काम बघवत नाही.

---

माळ्यावरची
२२ नोव्हेंबर, रात्री १:३०

धागा वर काढतेय. तुम्ही एवढं लिहिलंत, तर पुढे काय झालं ते सांगायला हवं.

बंब मिळाला नाही. जांभळी नाक्याच्या आसपासची मोडीची पाच दुकानं फिरले, एकाने दुसरा बंब दाखवला, पण त्याला नळ पितळी आणि नवा. त्या रात्री आत्याकडे जाऊन शिडीवर चढले आणि टॉर्च मारला. माळ्याच्या फळीवर बंबाच्या बुडाचा हिरवट गोल उमटला होता, मध्ये स्वच्छ, कडेला धूळ. पटकथा तिथेच बदलली. आता भाऊ-बहीण भांडतात ते बंब आधीच कुणी विकला यावरून, आणि बंब फिल्मभर दिसतच नाही. कॅमेरावाल्याने तो गोल एवढा जवळून घेतलाय की आधी तळंच वाटतं. त्याची हौस, मी नाही सांगितलं.

चार दिवस झालं शूटिंग, सोमवार ते गुरुवार. दुसऱ्या दिवशी कुणीतरी इस्त्री त्याच पॉइंटला लावली आणि अख्ख्या मजल्याचा फ्यूज गेला, सव्वा तास गेला शोधण्यात. पायलिंगवाले दीड ते सव्वादोन जेवतात, आमचा शेवटचा सीन तेवढ्यात बसवला. बहीण करणारी नटी रोज जिन्याने धावत वर यायची म्हणून धापा खऱ्या आहेत. माळ्याच्या आतून खाली बघतानाचा शॉट कॅमेऱ्याने निघेना, अडीच फुटांत कॅमेरा, ट्रायपॉड आणि माणूस मावत नाही. शेवटी मी आडवी झाले आणि फोनवर घेतला. रंग जुळवताना कटकट होणार आहे, पण तो शॉट मी सोडणार नाही. रिकाम्या घराचा आवाज रोज घेतलाय. चौथ्या दिवशी त्यात आत्याचं "झालं का गं?" आलंय, ते ठेवणार.

त्या गृहस्थांनी ती ओळ वाचून कळवलं की यंदा जमणार नाही. फिल्म ९२ हजारांत झाली, माझे ६०, उरलेले दोघा मित्रांचे उसने. एडिटिंग जानेवारीत. तो महिना मी कॉमिकला द्यायचा की फिल्मला, हे भांडण परत सुरू होणारच आहे, तेव्हा परत इथेच रडायला येईन.

रविवारच्या पानासाठी मी आत्याला नेमलं. तिलाही इंद्रजाल वाचायची सवय होती, हे मला पंचेचाळीस मिनिटांच्या फोननंतर कळलं. पहिला रविवार चुकला तर सोमवारी सकाळी सहाला फोन, "पान आलं नाही. ती रिक्षात बसली पुढे काय?" दुसरा चुकवायची हिंमत झाली नाही. शूटिंगच्या आदल्या रविवारी पान १४ मी मेकअपच्या खोलीत, म्हणजे शेजारच्यांच्या रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर बसून काढलं. लाइटवाला मागे उभा राहून बघत होता. त्याला वाटलं फिल्मचंच काहीतरी आहे. त्याने विचारलं, ही कुणाची बहीण? म्हटलं, सहा जणींची.

१६ पानं झाली. निबसाहेब, तुम्ही म्हणालात तसाच निळा कागदावर जांभळट आला, दोनदा चाचणी प्रिंट काढून बदलला. ८० प्रती छापायच्या ठरल्यात, तुमच्या सल्ल्यापेक्षा वीस कमी, कारण वरचं लाइटबिल.

आज दुपारी ए फोरचे कागद दुमडून, पिना मारून डमी केली आणि आत्याला द्यायला गेले. घरात सगळीकडे खोकी, बसायला एक प्लास्टिकचं स्टूल. तिने चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एका दमात वाचलं. फोनवर सुटं सुटं पाहिलेलं, असं सलग पहिल्यांदाच. दोनदा हसली, टँकरला आणि महापालिकेच्या अर्जाला. (टँकर भाग दोनमध्ये आहे, पण मी मागच्या कव्हरवर एक चौकट टाकलीय.) मग परत पान १ उघडलं आणि बोट ठेवून म्हणाली, "अगं, ही बाई तळ्यातून बाहेर आली ना आत्ता? मग केस कोरडे कसे हिचे?"

मी पाहिलं. सगळ्या सोळा पानांत कोरडे. भुरुभुरु उडतायत.

फाईल द्यायला तीन दिवस आहेत. केस ओले करायला बसतेय, निळ्याने ठिबकवायचे ठरवलंय. पान ४ झालं.